वाचनालयाच्या गच्चीवरचा मनोरा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात रेडिओ लागत नाही अशी जागा शोधावी लागेल. मुंबईची खासगी एफएम केंद्रे इथे खणखणीत ऐकू येतात, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी येते आणि हातातल्या मोबाइलवर तर जगातले काय हवे ते येते. सकाळी कल्याणहून सुटणाऱ्या जलद गाडीत दाराशी लटकलेल्या माणसाच्याही कानात काहीतरी चालू असते. पण शिळफाट्यावर वाहतूक कुठवर तुंबली आहे, बारवी धरणातून पाणी सोडले का, आज पूर्वेला पाणी किती वाजता येणार, हे सांगणारा आवाज त्यात सहसा नसतो. खासगी एफएमचे परवाने शहरवार निघतात आणि त्या हिशेबात हा सगळा टापू मुंबईच्या खात्यात जमा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांसाठी ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. महाराष्ट्रातून त्यात अचलपूर, बार्शी, उदगीर, नंदुरबार अशी अकरा नावे आली. ठाणे नाही, कल्याण नाही. सरकारी दप्तरात ते बरोबरच आहे, कारण या शहरांना रेडिओ मिळून चुकला आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. तीस लाखांहून अधिक माणसे ऐकतात, आणि लहरींवर त्यांना स्वतःची जागा मात्र नाही.

रेडिओ आणि इंटरनेट लोकांपर्यंत पोचवण्यासाठी झटणाऱ्या संस्थांचा आढावा घ्यायचा तर 'पोचणे' या शब्दाची आधी झडती घ्यावी लागते. संच घरात येणे हे एक पोचणे. त्यातून जे येते ते आपल्या भाषेत, आपल्या कामाचे असणे हे दुसरे. आणि आपले म्हणणे त्याच वाटेने उलट जाणे, शिवाय ती वाट कुणाच्या ताब्यात असावी यात आपल्याला मत असणे, हे तिसरे. गेल्या सत्तर वर्षांत या क्षेत्रात जे प्रयोग झाले ते ओळीने लावून पाहिले की माझ्या मते एक गोष्ट स्वच्छ दिसते. ज्यांनी फक्त पहिले पोचणे साधले, त्यांचे काम देणाऱ्याचा उत्साह असेतो चालले. ज्यांनी ऐकणाऱ्याला संस्थेत सभासद, निवेदक, देखरेख करणारा म्हणून जागा दिली, त्यांचे काम टिकले. ठाणे-कल्याणला ही गोष्ट नव्याने शिकवायचीही गरज नाही. छापील मजकुराच्या बाबतीत या गावांनी ती दीडशे वर्षांपूर्वीच ओळखली होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वर्गणी भरणारा सभासद, त्याने निवडलेले कार्यकारी मंडळ, आणि वर्गणी न भरणाऱ्यालाही वृत्तपत्र वाचायला उघडे असलेले दार अशी ही घडण आहे. लहरींसाठी आणि तारांसाठी नेमकी हीच घडण हवी, असे मला म्हणायचे आहे.

पहिला भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे आणि त्याची आठवण आपण फारच कमी ठेवली आहे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले. पुढे स्वातंत्र्यानंतर गावोगावी सामुदायिक श्रवणासाठी संच बसवायची मोहीम निघाली. चावडीत नाहीतर शाळेत एक संच, संध्याकाळी तो लावायचा, गाव जमेल तसे ऐकेल, अशी कल्पना होती. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक वेगळा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाने कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, संच बंद झाल्यावर त्यावर बोलायचे, अडलेले प्रश्न आणि स्वतःचे निर्णय लिहून केंद्राला कळवायचे, आणि पुढच्या कार्यक्रमात केंद्राने त्यांना उत्तर द्यायचे. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाचे मूल्यमापन केले, आणि त्याची मांडणी आजही शिकण्यासारखी आहे. मंडळ असलेली गावे, संच असून मंडळ नसलेली गावे आणि संचच नसलेली गावे अशी तिन्ही त्याने शेजारी ठेवून पाहिली. मंडळांच्या गावांत माहितीची भर ठळकपणे जास्त पडली होती. नुसता संच असलेली गावे या गावांच्या बरीच मागे राहिली. म्हणजे फरक यंत्राने पाडला नव्हता. ऐकल्यानंतरच्या बैठकीने आणि केंद्राकडे जाणाऱ्या पत्राने पाडला होता. पुढे ही मंडळे देशभर पसरवण्याचा घाट घातला गेला, पण तो वरून खाली येणारा सरकारी कार्यक्रम होता. केंद्राचे लक्ष दुसरीकडे वळले तशी मंडळेही विरत गेली. गावाच्या हाती संच होता, केंद्र नव्हते.

केंद्र लोकांच्या हाती यायला पुढे अर्धे शतक गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात निकाल दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे. त्या निकालाचा पहिला फायदा कुणाला झाला हे बघण्यासारखे आहे. खासगी कंपन्यांसाठी एफएमचे लिलाव १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००१ मध्ये पहिले केंद्र बोलू लागले. बिनफायद्याच्या संस्थांना मात्र बंगळूरचा १९९६ चा जाहीरनामा, २००० ची पस्तापूरची परिषद अशी दारे ठोठावत बसावे लागले. २००२ च्या अखेरीस आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना दार उघडले ते नोव्हेंबर २००६ मध्ये, आणि १५ ऑक्टोबर २००८ ला तेलंगणातल्या माचनूर गावी दलित स्त्रिया चालवत असलेला संगम रेडिओ सुरू झाला. आज देशात अशी पाचशेच्या जवळपास केंद्रे आहेत. त्यांची चौकट साधी आहे. प्रक्षेपकाची प्रत्यक्ष प्रसारित शक्ती १०० वॅट, मनोऱ्याची उंची जास्तीत जास्त ३० मीटर, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक, आणि चालवणारी संस्था किमान तीन वर्षे जुनी. व्यक्तीला, राजकीय पक्षाला, नफ्यासाठीच्या कंपनीला परवाना नाही.

महाराष्ट्रात या चौकटीत जी कामे उभी राहिली त्यात म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीचे नाव आधी घ्यायला हवे. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये ९०.४ मेगाहर्ट्झवर ती सुरू केली, आणि दुष्काळी माणच्या बायका तिथे बचत, शेळीपालन, ओव्या, आरोग्य अशा विषयांवर स्वतःच्या बोलीत बोलू लागल्या. अहमदनगरला स्नेहालय संस्थेचे रेडिओ नगर आले, बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आली, जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणी आली. नाशिकच्या रेडिओ विश्वासने २०२० च्या टाळेबंदीत जे केले ते मला या सगळ्यांत सर्वांत बोलके वाटते. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतली मुले मोबाइलअभावी शिक्षणाबाहेर पडत होती. केंद्राने दीडशेच्या आसपास शिक्षकांना स्टुडिओत बोलावून तिसरी ते दहावीचे पाठ ध्वनिमुद्रित केले, वेळापत्रक लावून ते प्रसारित केले, आणि इतर सहा समुदाय केंद्रांनाही वापरायला दिले. असे केंद्र म्हणजे काही मोठा डोलारा नसतो. एक-दोन खोल्या, भिंतींना आवाज शोषणारे फोम नाहीतर जाड गोधड्या, टेबलावर दोन माइक आणि एक मिक्सर, कोपऱ्यात जाडजूड पुस्तकाएवढा प्रक्षेपक, तिथून खिडकीवाटे वर गेलेली केबल आणि गच्चीवर लोखंडी मनोरा. ज्याच्या डोक्यावर तो मनोरा उभा आहे त्या इमारतीत कोण येऊन बसू शकते, यावर मात्र सगळे अवलंबून असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो 'समुदाय' या शब्दावर. म्हसवडला समुदाय आहे, डोंबिवलीला कुठे आहे? इथे माणूस झोपायला येतो, सकाळी सातच्या आत बाहेर पडतो, शेजारी कोण राहतो हेही त्याला ठाऊक नसते, असे म्हणतात. यात तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. दिल्लीच्या शेजारी गुडगावची परिस्थिती याहून अवघड होती. जुनी गावे, नव्या मनोऱ्यांसारख्या इमारती आणि परप्रांतातून आलेले मजूर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. २००९ मध्ये तिथे 'गुडगाव की आवाज' हे समुदाय केंद्र सुरू झाले, आणि कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, मूळ गावांतले गवय्ये हेच त्याचे निवेदक आणि विषय झाले. समुदाय आधी असतो आणि मग त्याचा रेडिओ होतो असेच काही नाही, रेडिओमुळेही समुदाय एकमेकांना ओळखू लागतो. ठाणे जिल्ह्यात तर बोलायला माणसे आणि बोली दोन्ही भरपूर आहेत. खाडीकाठची आगरी आणि कोळी बोली, येऊरच्या आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची वारली, कातकरी, ठाकरी, फाळणीनंतर कल्याणच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरची सिंधी, भिवंडीच्या यंत्रमागांभोवतीची उर्दू. मुंबईच्या केंद्रांवर यांतली कोणती बोली रोज ऐकू येते? आकाशवाणीने 'कामगार सभा', 'वनिता मंडळ' असे कार्यक्रम करून एके काळी कितीतरी साध्या माणसांना माइकसमोर आणले, ते ऋण मोठे आहे. पण साऱ्या मुंबई-कोकणाला पुरायचे म्हटल्यावर मुरबाडच्या वाट्याला किती मिनिटे येणार?

लहरी शिल्लक नाहीत, हा दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मुंबईच्या आकाशात एफएमचा पट्टा खरोखरच दाटीचा आहे. पण समुदाय केंद्राची शक्ती इतकी कमी असते की पुरेसे अंतर राखले तर एकच लहर पुन्हा पुन्हा वापरता येते. म्हसवड आणि नगर दोन्ही ९०.४ वर आहेत, आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. मुंबई विद्यापीठाचे मस्ट रेडिओ कालिन्याहून १०७.८ वर बोलते, खारच्या रहिवाशांनी ९०.८ वर 'जागो मुंबई' काढले. तेव्हा प्रश्न लहर आहे की नाही एवढाच नाही. ठाणे हा स्वतंत्र जिल्हा धरून त्याच्या गरजेप्रमाणे लहरींची आखणी कुणी करायला लावते का, हाही आहे. तशी मागणी जोर धरून कुणी केली पाहिजे, आणि ती करायला संस्था लागते.

इंटरनेटकडे वळले की चित्र वरवर उलटे दिसते, खोलात गेले की तेच निघते. २०१६ मध्ये गुगल आणि रेलटेल यांनी मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर मोफत वाय-फाय द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत देशातली चारशे स्थानके त्यात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने आपण यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, कारण मोबाइलचा डेटा आता स्वस्त झाला होता. रेलटेलने सेवा पुढे चालू ठेवली हे चांगलेच झाले, पण निर्णय कुठे झाला आणि कुणाला न विचारता झाला हे विसरू नये. स्थानकांवर वाय-फाय आले त्याच सुमारास 'फ्री बेसिक्स' या नावाने निवडक संकेतस्थळांपुरते फुकट इंटरनेट देऊ केले गेले. देशभर लाखो नागरिकांनी पत्रे धाडली आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामकाने असे भेदाचे दर बंद केले. त्या लढ्यात सामान्य ग्राहक पहिल्यांदा जाळ्याचा हिस्सेदार म्हणून बोलला. ठाणे महापालिकेने जानेवारी २०१८ मध्ये तेल अवीवच्या धर्तीवर 'डिजीठाणे' हे ॲप आणले. त्यातही सूचना वरून खाली येण्याची सोय जास्त होती आणि माणसाला आपले म्हणणे गावासमोर ठेवण्याची कमी. या पट्ट्यात इंटरनेट घराघरांत खऱ्या अर्थाने नेले ते केबलवाल्याने. जुन्या चाळींच्या आणि चार मजली सोसायट्यांच्या गच्च्यांवरून त्याची काळी तार या इमारतीवरून त्या इमारतीवर जाते, जिन्यात मीटरच्या वर त्याची लहान पेटी असते, तार तुटली की त्याचाच पोरगा शिडी घेऊन येतो. माणूस तोंडओळखीचा, तक्रार तोंडी, हप्ता महिन्याचा. स्थानिक जाळे चालवण्याचे कसब या शहरांत आहेच, फक्त ते सार्वजनिक संस्थेच्या रूपात आलेले नाही.

ते कसे येऊ शकते याचा नमुना थोडे उत्तरेला मिळतो. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्या पालघरच्या सात गावांत आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' हा प्रकल्प केला. त्यामागचे निरीक्षण साधे आणि हुशारीचे होते. दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पंधरा वाहिन्यांची जागा आहे, आणि त्यांच्या मोजणीप्रमाणे देशात कुठेही त्यातल्या किमान बारा रिकाम्या पडून असतात. या लहरी झाडीतून, उंचसखल भागातून वाय-फायच्या लहरींपेक्षा लांब जातात. ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची तार आली, तरी पाडे दोन-चार किलोमीटर लांब असतात आणि तार तिथेच संपते. मधले अंतर या रिकाम्या लहरींनी ओलांडायचे आणि पाड्यावर वाय-फाय द्यायचे अशी रचना होती. पण मला यंत्रापेक्षा त्याच्या कारभाराची मांडणी महत्त्वाची वाटते. सरकार तार देईल, खासगी पुरवठादार जोडणी देईल आणि पंचायत भागीदार म्हणून गुंतवणूक करील, गावातलाच तरुण ते जाळे सांभाळील, असा तिहेरी करार त्यांनी सुचवला. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला १ लाख २५ हजार डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. त्या लहरींचा परवाना मात्र प्रयोगापुरता होता. जगात अशा जाळ्यांना दुसरीकडे बाळसे धरलेले दिसते. स्पेनमधल्या कॅटलोनियाचे गुईफी जाळे २००४ पासून शेतकरी, नगरपालिका आणि छोटे पुरवठादार मिळून सामाईक मालमत्ता म्हणून चालवतात, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मान्कोसी गावाने झेन्झेलेनी ही स्वतःची सहकारी संस्थाच काढली. सहकारी संस्थेचा शब्द महाराष्ट्राला शिकवायला कुणी यायला नको. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' योजनेतून सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्या छोट्या केंद्राला परवान्याची अट काढून टाकली, म्हणजे आज एखादे वाचनालय कायद्याने हे काम करू शकते.

इथे हमखास विचारले जाते की प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना रेडिओच्या मनोऱ्याचे काय काम? 'प्रत्येकाच्या' हा शब्द आधी तपासावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के होते आणि स्त्रिया ३३.३ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया निम्म्यांहून थोड्याच अधिक होत्या. तेव्हापासून आकडे वाढले असतील, पण घरातला एक फोन नवऱ्याबरोबर कामावर जातो हे काही संपलेले नाही. दुसरे म्हणजे संकटाच्या वेळी काय चालते? २६ जुलै २००५ च्या महापुरात मोबाइलची जाळी कोलमडली होती. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुराच्या पाण्यात अडकली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ला रसायनांच्या कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या लाखभर घरांना एकच प्रश्न होता : खिडक्या लावायच्या की घर सोडायचे? अशा प्रश्नाचे उत्तर त्या पाच किलोमीटरांपुरतेच, त्या क्षणीच आणि ओळखीच्या आवाजात लागते. मुंबईभर ऐकू जाणारे केंद्र ते देणार नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच वेळी चार उत्तरे येतात. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये छोट्या रेडिओ केंद्रांनी मोडक्या इमारतींबाहेर तंबूत बसून हेच केले. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान खात्यानेही मोबाइल बनवणाऱ्यांना फोनमधला एफएम चालू ठेवायला सांगितले, ते आपत्तीचेच कारण देऊन.

तिसरा आक्षेप अफवांचा आहे. गावोगावी माइक दिले तर काय काय बोलले जाईल, ही धास्ती सरकारला इतकी आहे की समुदाय केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला आजही बंदी आहे. २०१७ पासून आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा सहक्षेपित करता येतात, एवढेच. ही बंदी मला अन्यायाची वाटते. जे वाक्य वृत्तपत्रात छापता येते आणि यूट्यूबवर दाखवता येते ते दहा किलोमीटरच्या केंद्रावर बोलता येत नाही, यामागे सुसंगत कारण नाही. समुदाय केंद्राला प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते, त्याचा पत्ता ठाऊक असतो, बोलणारा बाजारात भेटतो. निनावी फॉरवर्डपेक्षा इथे जबाबदारी कितीतरी पटींनी जास्त आहे. तरीही बंदी असेतो हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. वाहतूक, हवामान, पाणी-वीज, परीक्षांचे निकाल, नोकऱ्या, स्थानिक खेळ, साथीचे इशारे, नैसर्गिक आपत्ती हे सगळे नियमातच बातमीबाहेर धरले आहे. या लेखाच्या सुरुवातीला शिळफाटा, बारवी आणि पाण्याची वेळ असे जे प्रश्न आले, त्यांतला एकही या बंदीत अडकत नाही.

खरी अडचण पैशाची आहे, आणि तिथेच बहुतेक केंद्रांचा दम तुटतो. २०१२ मध्ये लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपयांवर नेले गेले, तेव्हा देशभरच्या केंद्रांनी एकत्र येऊन विरोध केला आणि वाढ मागे घ्यायला लावली. अलीकडे जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटांवरून बारा केली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला, आणि २०२४ च्या धोरणाने परवान्याची मुदत पाचवरून दहा वर्षे केली. हे सारे स्वागतार्ह आहे. पण जाहिरातीवर जगायचे म्हटले की कार्यक्रम जाहिरातदाराच्या कलाने जातो, आणि पाड्यावरच्या कातकऱ्याकडे जाहिरातदाराला देण्यासारखे काही नसते. म्हणून मी वाचनालयाकडे पुन्हा येतो. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, आणि आज दहा हजारांहून अधिक ग्रंथालये वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान घेतात. अनुदान तुटपुंजे आहे, उशिरा येते, कर्मचारी अर्धपोटी राहतात, हे सगळे खरे. तरी कोणते पुस्तक कपाटात ठेवायचे हे ठरवताना कार्यकारी मंडळ मंत्रालयात फोन करत नाही. हक्काचे, निकषांवर ठरलेले आणि विधिमंडळाच्या कायद्याने बांधलेले अनुदान संस्थेला जेवढे वाकवते, त्याहून कृपेने मिळालेली जाहिरात जास्त वाकवते. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला आणि पुणेकरांनी ओरड केल्यावर तो थांबवावा लागला. सरकार स्वतः मालक असले तर एका कागदाने आवाज बंद होऊ शकतो, अनुदानित पण सभासदांच्या मालकीची संस्था तशी बंद करता येत नाही. समुदाय केंद्र आणि सार्वजनिक वाय-फाय यांना ग्रंथालय कायद्याच्या छत्राखाली आणणे, निदान त्याच नमुन्याचा छोटा कायदा करणे, हे राज्याच्या हातातले काम आहे. लहर केंद्र सरकार देईल, भाकरीची तजवीज राज्याने करावी.

शेवटी एक भीती उरते आणि ती मला सर्वांत खरी वाटते. परवान्यात राजकीय पक्षांना बंदी असली तरी शिक्षणसम्राट, नगरसेवकांचे प्रतिष्ठान, बांधकाम व्यावसायिकांचा न्यास यांना कोण अडवणार? देशातली कितीतरी 'समुदाय' केंद्रे मुळात महाविद्यालयांची आहेत, आणि तिथे समुदाय म्हणजे माध्यमशास्त्राच्या वर्गातली मुले एवढाच अर्थ उरतो. यावर कागदी अट पुरणार नाही, संस्थेची जुनी सवय लागते. ज्या संस्थेत दर काही वर्षांनी निवडणूक होते, हिशेब सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला जातो, हरलेला गट चिडून का होईना पण सभासद राहतो आणि पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो, तिला बळकावणे अवघड जाते. कल्याणचे वाचनालय, ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय, शहापूर-मुरबाडकडची तालुक्याची ग्रंथालये यांना ही सवय आहे. वृत्तपत्र विभागाच्या तिरक्या लाकडी मेजांशी उभे राहून वाचणारी माणसे त्यांच्याकडे रोज येतातच. २०२४ च्या धोरणाप्रमाणे एका संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहापर्यंत केंद्रे चालवता येतात, पण सुरुवातीला एकच पुरे. कल्याणला एक मनोरा उभा राहिला तरी त्याच्या पल्ल्यात डोंबिवली, उल्हासनगर, टिटवाळा, मोहने-आंबिवली आणि उल्हास नदीकाठची गावे येतात. तीन वर्षे जुनी, नोंदलेली, बिनफायद्याची संस्था ही अट कल्याणच्या वाचनालयाने एकोणिसाव्या शतकातच पुरी केलेली आहे. अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. त्याला कार्यकारी मंडळाचा ठराव जोडावा लागेल, आणि तो पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला कुणा एका सभासदाचे पत्र पुरते.